विद्यार्थी म्हणतो, "सर, फंड माझ्याकडं ठेवा"

निवृत्तीचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

या वेळी एका पत्रानंच निम्म्याहून जास्त जागा खाल्ली आहे. बाकीच्यांना उत्तरं थोडक्यात मिळतील, रागावू नका.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमची शाळा मंगळवार पेठेतली, विनाअनुदानित. त्यामुळं आमच्या निवृत्त शिक्षकांना सरकारी पेन्शन नाही. प्रॉव्हिडंट फंडाकडून ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन येते. कुणाला अठराशे, कुणाला अडीच हजार. म्हणून जुन्या मंडळींनी संस्थेच्या मदतीनं एक सहाय्य निधी उभा केला, सार्वजनिक न्यास म्हणून त्याची नोंदणीही केली. आज निधीत १ कोटी ६० लाख रुपये आहेत, सगळे राष्ट्रीयीकृत बँकेत, सरासरी ७ टक्क्यांनी. ३८ निवृत्त शिक्षकांना आम्ही दरमहा ३,००० रुपये देतो. कामावर असलेले ४५ शिक्षक महिना ५०० रुपये वर्गणी भरतात. येत्या पाच वर्षांत यातले ११ जण निवृत्त होतील आणि नव्यानं लागलेली मुलं वर्गणीला तयार नाहीत. आमचा एक माजी विद्यार्थी राजारामपुरीत एका पतसंस्थेचा चेअरमन आहे. "सर, फंड माझ्याकडं ठेवा, साडेनऊ टक्के देतो," असं तो म्हणतो. मुलगा सज्जन आहे. सात जणांच्या समितीत चौघं त्याच्या बाजूनं आहेत. मी सचिव. काय करावं?
– एक सचिव, कोल्हापूर

उत्तर : सर, आधी तुमची वही उघडते, मग विद्यार्थ्याकडं वळते.

३८ जणांना ३,००० म्हणजे महिन्याला १,१४,००० आणि वर्षाला १३,६८,०००. जमेला व्याज ११,२०,००० आणि वर्गणी २,७०,०००, मिळून १३,९०,०००. वर्षाकाठी तुमच्याकडं २२,००० रुपये उरतात. एवढ्यात ऑडिटरची फी, टपाल आणि वार्षिक सभेचा कटवडा भागतो. म्हणजे आज निधी तोट्यात नाही.

पाच वर्षांनी चित्र बदलतं. घेणारे ४९, देणारे ३४. द्यायचे १७,६४,०००, व्याज तेवढंच धरलं तर वर्गणीसह येणार १३,२४,०००. तूट ४,४०,०००. आता चेअरमनसाहेबांचा भाव बघा. साडेनऊ टक्क्यांनी १ कोटी ६० लाखांवर १५,२०,००० मिळतात, म्हणजे आजच्यापेक्षा बरोबर ४ लाख जास्त. तुमच्या समितीतली ती चार माणसं लोभी नाहीत, सर. त्यांना पुढची तूट दिसली आहे आणि ती जवळपास तेवढीच भरून काढणारा आकडा कुणीतरी हातात आणून दिला आहे. त्यांच्यावर चिडू नका. फक्त त्यांना एक भागाकार करायला सांगा. वर्षाला ४ लाख जास्त मिळवण्यासाठी १ कोटी ६० लाख पणाला लागणार. मुद्दल बुडालं तर तेवढं जादा व्याज गोळा व्हायला ४० वर्षं लागतात. तुमच्या यादीतल्या सगळ्यात तरुण निवृत्त शिक्षकाचं वय त्यात मिळवून बघा.

पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणणार नाही. कोल्हापूर जिल्हा सहकारावर उभा आहे आणि चोख चालणाऱ्या पतसंस्था इथं पुष्कळ आहेत. माझी स्वतःची थोडी ठेव एका पगारदार पतसंस्थेत आहे. पण दोन गोष्टी तुमच्या समितीला कुणी सांगितलेल्या दिसत नाहीत.

पहिली विम्याची. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक राष्ट्रीयीकृत असो की सहकारी, प्रत्येक ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हा विमा लागू नाही. दारावरच्या पाटीत 'बँकिंग' सुविधांची कितीही यादी असू दे.

दुसरी कायद्याची, आणि तुमच्या बाबतीत ही जास्त महत्त्वाची. तुमचा निधी नोंदलेला सार्वजनिक न्यास आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधलं कलम ३५ न्यासाचा पैसा कुठं ठेवायचा ते सांगतं : शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, राज्य सरकारनं त्यासाठी मान्यता दिलेली सहकारी बँक, किंवा सरकारी रोखे. याच्या बाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती न घेता पतसंस्थेत ठेव ठेवली आणि काही बरंवाईट झालं, तर विश्वस्तांना वैयक्तिकरीत्या जबाब द्यावा लागतो. त्या चौघांनी आपापल्या घरी हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मग मत द्यावं.

आता विद्यार्थी. मी एका अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात लिपिक होते, पेन्शनचे प्रस्ताव करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीची तारीख जवळ आली की शिक्षकांच्या खोलीबाहेर त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांची वर्दळ सुरू होताना मी दरवर्षी बघायची. कुणी विमा एजंट, कुणी प्लॉटवाला, कुणी पतसंस्थेचा संचालक. सगळे वाकून पाया पडायचे. आणि मास्तरांना मनापासून वाटतं की ज्याला आपण पाढे शिकवले तो आपल्याला हिशेबात फसवणार नाही. बहुतेक वेळा तो फसवतही नाही. पण ठेवीला साडेनऊ द्यायचे तर कर्ज तेरा-चौदानं द्यावं लागतं, आणि त्या दरानं कर्ज घ्यायला बहुधा तोच येतो ज्याला बँकेनं परत पाठवलेलं असतं. ती कर्जं थकली की चेअरमन सज्जन असून ठेवीदाराला काही उपयोग नाही. तो सज्जन माणूस मग तुम्हाला रंकाळ्यावर दिसला की रस्ता बदलतो. पैशाबरोबर विद्यार्थीही जातो.

त्याला नाही म्हणणं अवघड वाटत असेल तर कायदा पुढं करा. "बाळा, आमच्या न्यासाला कलम ३५ आडवं येतं," एवढं सांगितलं की त्याचा मान राहतो आणि तुमचाही. लगेच पुढचं वाक्य बोलायचं : "पण शाळेवर प्रेम असेल तर निधीला दरवर्षी देणगी दे." खरं प्रेम असेल तर तो देईल. नसेल तर तेही कळेल.

आता तूट. व्याजदरानं ती भरायची नाही असं ठरल्यावर उरतात ते वर्गणी, रक्कम आणि संस्था. वर्गणी ५०० ची १,००० केली तर ३४ जणांकडून वर्षाला २,०४,००० वाढतात. रक्कम सगळ्यांचीच ३,००० ची २,७०० केली तर ४९ जणांमागं १,७६,४०० वाचतात. राहिले ५९,६००. एवढे संस्थेकडं लेखी मागा. वर त्या चेअरमनची देणगी आली तर सोन्याहून पिवळं.

तुमच्या सभेत कुणीतरी नक्की म्हणेल की जुन्यांचे ३,००० तसेच ठेवा आणि नव्यानं निवृत्त होणाऱ्या ११ जणांना २,००० द्या. कागदावर ते सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्याच ११ जणांनी आयुष्यभर वर्गणी भरली आहे आणि आता वाढीव वर्गणीही तेच भरणार. त्यांना कमी द्यायचं आणि ज्यांच्या काळात वर्गणी नाममात्र होती त्यांना पूर्ण द्यायचं, याला काय म्हणायचं? तीनशे रुपये सगळ्यांचेच कमी करा, आणि समितीत जे निवृत्त आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा. नव्या मुलांनाही मग वर्गणी मागायला तोंड राहील. ती मुलं वर्गणी का भरत नाहीत, याचं उत्तर मला तुमच्या पत्रातच दिसतं : आपण निवृत्त होऊ तेव्हा या निधीत काही उरेल, असं त्यांना वाटत नाही.

आणि काहीच केलं नाही तर? तेही मांडून बघितलं. ४९ जण, ३४ वर्गणीदार आणि ७ टक्के व्याज तसंच धरलं, तर तूट मुद्दलातून भरत भरत निधी साधारण अठरा वर्षं पुरतो. म्हणजे उद्या आकाश कोसळत नाही, घाबरून निर्णय घ्यायची गरज नाही. पण आज चाळिशीत असलेले तुमचे शिक्षक निवृत्त होतील तेव्हा तिजोरीत खडखडाट असेल, आणि त्यांनी तर भरलेलं आहे.

ठेवींबद्दल. सगळ्या पावत्या एकाच महिन्यात संपणाऱ्या असतील तर ती पद्धत आधी बदला. सहा महिन्यांचं वाटप, म्हणजे सुमारे ७ लाख, बचत खात्यात आणि छोट्या मुदतीत ठेवा. उरलेल्याचे पाच भाग करा आणि दरवर्षी एक भाग सुटेल अशा मुदती लावा. व्याजदर खाली आले तर सगळा पैसा एकदम खालच्या दरात अडकत नाही. दर १ टक्क्यानं उतरला तर तुमचं वर्षाचं उत्पन्न १,६०,००० नं घटतं. सगळ्यांचे तीनशे कापून वाचतात जवळपास तेवढेच. म्हणून एक-दोन भाग केंद्र सरकारच्या लांब मुदतीच्या रोख्यांत घालायचा विचार करा. त्यांचं व्याज सहामाही येतं आणि दर शेवटपर्यंत बदलत नाही. तुमची बँकच ते घेऊन देऊ शकते. मधेच विकायची वेळ आली तर भाव कमी-जास्त होतो, तेव्हा जो पैसा मधे लागणार नाही तोच तिथं घालायचा.

पावत्या कुणाच्याही घरच्या कपाटात नकोत. सह्या तिघांच्या, त्यातल्या कुठल्याही दोन चालतील. मार्चअखेर ऑडिटरनं बँकेकडून शिलकीचा दाखला परस्पर मागवायचा, सचिवानं आणून द्यायचा नाही. हे तुमच्यावरच्या अविश्वासानं म्हणत नाही, सर. तुमच्यानंतरच्या सचिवासाठी म्हणते. निधीच्या घटनेत 'दरमहा ३,००० रुपये पेन्शन देण्यात येईल' असं लिहिलं असेल तर तेही बदलून घ्या. 'निधीच्या ऐपतीनुसार, दरवर्षी सभेत ठरेल तेवढं सहाय्य' असं असायला हवं. जे वचन पाळायची खात्री नाही ते छापू नये.

एक शेवटचं, पत्रात नसलेलं. तुमच्या निवृत्त शिक्षकांना संस्थेनं ग्रॅच्युइटी दिली का? खासगी शाळांत पूर्वी सर्रास सांगितलं जायचं की शिक्षक ग्रॅच्युइटीच्या कायद्यात बसत नाहीत, आणि २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ते तेव्हा खरंही होतं. मग २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली. खासगी शाळांनी तिला आव्हान दिलं, ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती कायम ठेवली. हिशेब सोपा आहे : शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटचा पगार २६,००० आणि नोकरी २८ वर्षांची असेल तर ४,२०,००० होतात. ही रक्कम संस्थेनं द्यायची आहे, निधीनं नव्हे. तुमच्या ३८ जणांत कितींना ती मिळाली याची यादी करा. संस्थेकडं ५९,६०० मागायला जाल तेव्हा ती यादी खिशात असू द्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मे महिन्यात निवृत्त होतोय. मूळ पेन्शन ३०,००० बसेल असं ऑफिसवाले म्हणतात. पेन्शन विक्री, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी पैसे घेणं, करावी का? मुलाला गडहिंग्लजमध्ये मोबाइलचं दुकान टाकायचं आहे. तो म्हणतो, पूर्ण ४० टक्के विका.
– गुरुजी, आजरा तालुका

उत्तर : गुरुजी, विक्री आणि मुलाचं दुकान हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरात ते एकत्र आले की आईला मधे बोलायला लागतं.

विक्रीचं गणित असं. ३०,००० चे ४० टक्के १२,०००. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालात तर सरकारी तक्त्यातला गुणक ८.३७१. म्हणजे १२,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, हातात १२,०५,४२४ रुपये एकरकमी. बदल्यात १५ वर्षं दरमहा १२,००० कमी मिळतील, एकूण २१,६०,०००. त्यानंतर पेन्शन पुन्हा पूर्ण होते. कर्जाच्या भाषेत बोलायचं तर हा व्यवहार साधारण पावणेनऊ टक्क्यांचा पडतो.

पण साध्या कर्जात नसलेल्या तीन गोष्टी यात आहेत. महागाई भत्ता पूर्ण ३०,००० वरच मिळत राहतो, १८,००० वर नाही. एकरकमी रकमेवर तुम्हाला आयकर नाही. आणि मधेच तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेली वसुली थांबते. तुमच्या घरच्या बाईंच्या कुटुंब निवृत्तीवेतनातून एक पैसाही कापत नाहीत. दुसऱ्या कुठल्या कर्जाला ही सवलत आहे? म्हणून घराचं कर्ज शिल्लक असेल, मुलीचं लग्न डोक्यावर असेल किंवा तब्येत नाजूक असेल, तर विक्री करावी असं मी सांगते. नुसतं विकून बँकेत ठेवायला मात्र करू नये. पावणेनऊनं घ्यायचं आणि सहा-सातनं ठेवायचं, वर व्याजावर कर भरायचा, हा कुठला व्यवहार?

विक्री करायचीच ठरली तर निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज द्या. नंतर वैद्यकीय तपासणी लागते आणि वय वाढलं की गुणकही कमी होतो.

ग्रॅच्युइटीचे पैसे येतील त्यांच्यासाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना त्यात पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर ८.२ टक्के झाला; सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, तेव्हा खातं उघडताना पोस्टात विचारून घ्या.

दुकानाबद्दल विचारलंच आहे म्हणून. द्यायचेच असतील तर ग्रॅच्युइटीतले दोन-तीन लाख द्या, परत येणार नाहीत असं समजून द्या, आणि एकदाच द्या. पेन्शन मात्र तुमची आणि बाईंची. पोरानं एका दुकानावर विसंबून बापाची पंधरा वर्षांची ४० टक्के पेन्शन मागणं मला बरं वाटलं नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीतल्या अनुदानित हायस्कूलमध्ये २०११ पासून आहे. आम्हाला जुनी पेन्शन नाही, एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना) आहे. पैसा नेमका कुठं जातो, कोण सांभाळतं, काहीच कळत नाही. जुन्या पेन्शनसाठीच्या २०२३ च्या संपात आम्हीही रस्त्यावर होतो.
– एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, संपाच्या घोषणा पाठ आहेत आणि स्वतःचा प्रान, म्हणजे एनपीएस खात्याचा क्रमांक, पाठ नाही, असं तुमच्या शिक्षकांच्या खोलीत कितीजणांचं आहे ते विचारा. मला आकडा अंदाजे माहीत आहे.

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आधी डीसीपीएस, म्हणजे राज्याची अंशदान पेन्शन योजना, होती, पुढं ते खातं एनपीएसमध्ये गेलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे १० टक्के तुमचे आणि १४ टक्के सरकारचे, असे पैसे दरमहा तुमच्या प्रान खात्यात जायला हवेत. तिथून ते पेन्शन फंडांकडं जातात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत हे फंड स्टेट बँक, एलआयसी आणि यूटीआय यांचे आहेत. त्या योजनेत शेअर बाजाराच्या हिश्श्याला मर्यादा घातलेली असते, बाकीचा पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांत आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांत असतो. तेव्हा बाजार पडला की आपली सगळी पेन्शन बुडाली, ही भीती काढून टाका. निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे दरमहा रक्कम देणारी विमा कंपनीची पॉलिसी, घ्यावी लागते. जास्तीत जास्त ६० टक्के हातात मिळतात.

तुमचा खरा धोका बाजारात नाही, जमा न झालेल्या महिन्यांत आहे. पगारातून कपात झाली पण खात्यात पोचली नाही, डीसीपीएसच्या काळातले हप्ते पुढं आलेच नाहीत, सरकारी हिस्सा उशिरा आला, हे अनेकांचं झालं आहे. उशिरा आलेल्या पैशाला मधल्या काळातली वाढ मिळत नाही. म्हणून यंदाच्या सुट्टीत एक काम करा. २०११ पासूनच्या पगाराच्या पावत्या एका बाजूला, डीसीपीएसच्या वार्षिक चिठ्ठ्या आणि प्रानचं विवरणपत्र दुसऱ्या बाजूला, आणि महिनावार ताळा घ्या. जे महिने रिकामे दिसतील त्यांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीनं वेतन पथकाला, म्हणजे शिक्षण खात्याच्या पगार कार्यालयाला, द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार ही तक्रार नसते.

नामनिर्देशनही बघा. नोकरीला लागताना तुम्ही अविवाहित असाल आणि भावाचं नाव घातलं असेल, तर कुटुंब झाल्यावर ते बाद ठरतं. नवीन भरा.

जुनी की नवी की २०२४ मध्ये आलेला, ठरावीक पेन्शनची हमी देणारा तिसरा पर्याय, यावर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांवरून काही ठरवू नका. शासन निर्णयाची मूळ प्रत वाचा आणि स्वतःची नोकरीची एकूण वर्षं त्यात बसतात का बघा. उशिरा लागलेल्या शिक्षिकेचं आणि बाविसाव्या वर्षी लागलेल्याचं उत्तर एक असूच शकत नाही.

प्रश्न : आमचे गुरुजी ८२ वर्षांचे, अंथरुणावर आहेत. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या यादीवर सही करायला बँकेत नेणं शक्य नाही. मागच्या वेळी केंद्रात नेलं तर अंगठा मशीनवर उठेना.
– कसबा बावडा

उत्तर : काकू, त्यांना हलवू नका. जीवन प्रमाणचा, म्हणजे हयातीचा, दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो, अंगठा लागत नाही. नातवाला आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप घ्यायला सांगा. उजेड तोंडावर येईल असं गुरुजींना उशीला टेकवून बसवा. पापणी मिटून उघडायला सांगतात, ते त्यांना आधी समजावून ठेवा, नाहीतर मोबाइलकडं बघून ते तुम्हालाच काहीतरी विचारत बसतील. आधारचा आणि पेन्शनच्या खात्याचा मोबाइल क्रमांक चालू आहे का, ते ऑक्टोबरमध्येच बघा. नाहीच जमलं तर शाखाधिकाऱ्यांना अर्ज द्या. सत्तरीच्या पुढच्या आणि आजारी माणसांसाठी घरी येऊन सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. ८० पूर्ण झाल्यावरची पेन्शनवाढ सुरू झाली आहे का, हेही त्याच फेरीत पासबुकावर तपासा. जन्मतारखेच्या नोंदीत घोळ असला की ती अडकते.

आणि "कोषागारातून बोलतोय, हयातीसाठी ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. कोषागार ओटीपी मागत नाही.

प्रश्न : सासरे माध्यमिक शिक्षक होते, ऑगस्टमध्ये वारले, ७१ वर्षांचे. पेन्शन अजून खात्यात येतेय. दीर एटीएमनं काढतोय. सासूबाईंना काय मिळेल?
– सून, शाहूपुरी

उत्तर : दिराला आजच थांबवा. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची पेन्शन सरकारची आहे आणि ती वसूल होते. नंतर ती सासूबाईंच्या रकमेतून कापली जाईल, दिराच्या खिशातून नाही. काढलेले पैसे खात्यात परत भरा, मृत्यूचा दाखला बँकेत आणि कोषागारात द्या.

सासूबाईंचं नाव आणि दोघांचा एकत्र फोटो पीपीओत, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, असेल तर कुटुंब निवृत्तीवेतनासाठी नव्यानं मंजुरी लागत नाही. पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला, त्यांचं आधार आणि पॅन, त्यांच्या नावाचं बँक खातं आणि अर्ज एवढं पुरतं. खातं त्यांच्या एकटीच्या नावानं काढा, आणि एटीएम कार्ड त्यांच्याच पाकिटात राहू द्या. रक्कम शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. सासऱ्यांना पूर्ण पेन्शन, म्हणजे पगाराच्या निम्मी, बसली असेल तर त्यांच्या मूळ पेन्शनच्या ६० टक्के धरा, विक्रीपूर्वीच्या आकड्यावर. मूळ पेन्शन २८,००० असेल तर १६,८०० आणि त्यावर महागाई भत्ता. निवृत्तीनंतर लवकर मृत्यू झाला तर काही वर्षं वाढीव दरानं मिळतं, पण सासरे ७१ चे होते, त्यामुळं ते इथं लागू नाही. पीपीओ सापडत नसेल तर सासऱ्यांच्या शाळेच्या ऑफिसात विचारा. तिथल्या फायलीत एक प्रत बहुधा असते.